वाळूच्या रंगाचा गवई

"...मग माझ्यात कमी काय आहे, बाबा?"

देवायतनं हे विचारलं तेव्हा त्याच्या खांद्यावर जरीची शाल होती. एका दरबारात गाऊन मिळवलेली. भर उन्हाळ्यातही ती अंगावरून उतरायची नाही, घामाच्या धारा लागल्या तरी बेहत्तर.

रणाच्या, त्या खाऱ्या वाळवंटाच्या काठी जुमाबाबा फकिराचा डेरा होता. तिथली रीत अशी, की बाबा खुंटीवरचा तंबोरा उतरवून ज्याच्या हाती देतील, त्यानंच गुरुवारी गायचं. देवायतचा गळा खरंच गोड होता. पण गुरुवार येत, जात, आणि तंबोरा दुसऱ्याच कुणाच्या हाती जाई. हे त्याच्या फार जिव्हारी लागलं होतं.

"कमी काही नाही," बाबा म्हणाले. "जास्त आहे."

"जास्त? ते काय?"

"पहाटे इथं कोण गातं रे?"

पहाटेची ती शीळ देवायतनं ऐकली होती. आधी सावकाश, एकेक सूर सुटा, मग चढत आणि भरभर. "असेल कुणी पक्षी..."

"बघून ये."

दुसऱ्या दिवशी फटफटताच तो गेला. वाळूत एक चंडोल तुरुतुरु पळत होता. अंग वाळूच्याच रंगाचं, पाय काटकुळे, चोच लांब नि बाकदार. थांबे, वाळू उकरे, किडा टिपे, पुन्हा पळे. हा कसला गवई, असं देवायतला वाटलं. तो जरा जवळ सरकला की शालीची जर चमके आणि चंडोल लांब पळे. गाण्याचं नाव नाही.

शेवटी वैतागून त्यानं शाल काढून बाजूला टाकली आणि वाळूत पालथा पडून राहिला.

बराच वेळ गेला. मग चंडोल एका खुरट्या झुडपावर चढला आणि शीळ घालत सरळ वर उडाला. पंख उघडले... काळेभोर, पांढरेशुभ्र. एवढा साज त्यानं लपवला तरी कुठं होता? वर जाऊन तो उलटला आणि सुरासकट खाली आला. पंख मिटले. पुन्हा नुसती वाळू.

देवायतचे डोळे भरून आले. दरबारातही त्यानं इतकं देखणं काही पाहिलं नव्हतं.

तो धावतच डेऱ्यावर आला. "बाबा, पाहिला. गातो तेवढाच वेळ पंख दाखवतो. उतरला की शोधूनही सापडत नाही."

बाबा त्याच्या मोकळ्या खांद्याकडं बघत होते.

देवायतनं खांदा चाचपला. "शाल... तिथंच राहिली वाटतं. घेऊन येतो."

बाबा उठले. खुंटीवरचा तंबोरा उतरवून त्यांनी त्याच्या हाती दिला.

"राहू दे तिथं. वाळूचा रंग चढला की आण."