सोपानची विनापरवानगी रजा

आमच्या शेजारच्या सोपानची आई न्हाणीत घसरून पडली, तसा तो दूध डेअरीतलं काम टाकून घरी धावला. दुसऱ्या दिवशी डेअरीचे मॅनेजर घाटपांडे साहेबांनी त्याला चेअरमनसमोर उभं केलं. त्याच्या बायकोला सोबत म्हणून मीही दारात होतेच.

"विनापरवानगी गैरहजर! कामावरूनच काढतो तुला!" साहेब कडाडले.

"परवानगी मागायला आलो होतो, साहेब. खुर्चीवर तुमचा कोट होता, तुम्ही नव्हता. कोट दिसला की साहेब हजर समजायचं, हा तुमचाच हुकूम. म्हणून कोटालाच विचारलं. तो काही 'नाही' म्हणाला नाही."

चेअरमन हसू दाबत म्हणाले, "घाटपांडे, काल कुठं होता हो तुम्ही?"

साहेब घाईघाईनं म्हणाले, "जा रे सोपान, कामाला लाग!"

तेव्हा कुठं त्याच्या बायकोनं घट्ट धरलेला माझा दंड सोडला.