परत घेतलेला वजीर

"मग बाबा, कोणतं घेऊ?"

केशरनाथबाबांनी पटावर एक प्यादं सरकवलं. "कशातलं कोणतं?"

यशोधनने पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. त्याच्या हाताखालची मंडळी मिळून एकच प्रोग्राम लिहितात. कोणी कधी काय बदललं ते जपून ठेवणारं, आणि चुकलंच तर आदल्या रूपात परत नेणारं एक सॉफ्टवेअर त्यांना लागतं. बाजारात तशी पुष्कळ मिळतात. पण यशोधनने स्वतःच एक बनवलं होतं.

"आणि ते कसं चालतं?"

"उत्तम." यशोधन थांबला. "म्हणजे... दोघांनी एकदम आपापलं काम त्यात ठेवलं, तर एकाचं पुसलं जातं. कधीकधी."

"मंडळी काय म्हणतात?"

"जग वापरतं तेच घ्या म्हणतात. नाहीतर आज इरफान राजीनामा देणार. त्याच्यामागून मृदुलाही जाईल." तो ताठ बसला. "पण मी सगळ्यांसमोर सांगून बसलोय, माझंच चालणार. तुम्ही एवढं म्हणा, की मी बरोबर आहे."

मठाच्या याच ओट्यावर लहानपणी तो बाबांकडे बुद्धिबळ शिकला होता. बाबांना कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नसे.

"खेळ," बाबा म्हणाले.

यशोधनने रागारागात वजीर पुढे ढकलला. थेट बाबांच्या उंटाच्या तोंडी.

"अरे यशा! परत घे."

"मी चाल परत घेत नाही."

"इथे मुभा आहे."

"माहीत आहे. तरी नाही."

बाबांनी वजीर मारला नाही. हात मांडीवर ठेवून नुसते बसून राहिले...

ऊन पटावरून सरकत ओट्याच्या कडेला गेलं. बाबा हलले नाहीत. यशोधनही हलला नाही.

फोन वाजला. मृदुला होती.

"सर, इरफान टेबल आवरतोय. त्याला काय सांगू?"

यशोधनने वजिराकडे पाहिलं. उंटाकडे पाहिलं. मग बाबांच्या मांडीवरच्या, इतका वेळ थांबलेल्या हाताकडे...

त्याचे कान तापले.

त्याने वजीर उचलला आणि मागे, होता त्या घरात ठेवला.

"मृदुला, माझं काढून टाका."

"...काय?"

"मी बनवलेलं. चुकलं माझं. तुम्ही म्हणता तेच घ्या. आणि हे इरफानच्या कानात नको सांगू. मोठ्याने सांग, सगळ्यांना ऐकू दे."

फोनमधून असा काही गलका उठला की मठाच्या कळसावरची कबुतरं भुर्रकन उडाली. कोणीतरी टेबल बडवत होतं.

"सर, इरफान विचारतोय, खरंच तुम्हीच बोलताय ना?"

"मीच. त्याला म्हणावं, सामान परत लाव. उद्या चहा माझ्याकडून."

फोन ठेवला तेव्हा यशोधन हसत होता. त्याने पटावर नजर टाकली आणि एकदम पुढे वाकला. मघाशी रागात जे दिसलंच नव्हतं, ते आता लख्ख दिसत होतं.

त्याने घोडा उचलला.

"शह, बाबा." मग त्याचाच त्याच्यावर विश्वास बसेना. "...मात!"

बाबांनी पट इकडून पाहिला, तिकडून पाहिला. राजा आडवा केला आणि मांडीवर थाप मारून खदखदून हसले.

"वा रे पठ्ठ्या!"

मग सोंगट्या पुन्हा मांडता मांडता म्हणाले,

"हं, आता विचार. कोणतं घेऊ म्हणत होतास?"