लहान धनेश

रानात वाटा पडल्या नव्हत्या तेव्हाची गोष्ट. पिल्लं सुरक्षित राहावीत म्हणून धनेश पक्षी ढोलीचं तोंड मातीनं लिंपतात, घास भरवायला फट तेवढी ठेवतात. एका धनेशाचा लेक बापाहून थोराड झाला, तरी आतच. भिंत जरा ढासळली, की स्वतः लिंपायचा. तेवढा कष्टाळू होता!

"बाबा, आजची उंबरं आंबट होती."

"लहान आहे हो अजून," आई कौतुकानं म्हणायची.

एका सकाळी बापाचा पंख आखडला. त्यानं भिंत फोडली आणि आत शिरला.

"सरक बाळा. आजपासून मीही लहान."

"मग खायला कोण आणणार?"

"बघू, आधी भूक कोणाला लागते."

दुपारी लेक भुर्रकन उडाला.

"उपाशीच गेला हो!" आई कळवळली.

"उपाशी होता म्हणूनच गेला," बाप म्हणाला, आणि लेक दिसेनासा होईपर्यंत बघत राहिला.