निवृत्ती नसलेले हात

सातपूरच्या एका पंपांच्या कारखान्यात नवे चष्मे आले. ते लावताच समोरच्या सुट्या भागांवर दोन निळसर, पारदर्शक हात अवतरत आणि जुळणीचे प्रत्येक काम करून दाखवीत. व्यवस्थापक चौबळसाहेबांनी फर्मावले, "शिकवायला आता चष्मा आहे. पन्नाशी ओलांडलेल्या बायका उद्यापासून निवृत्त!"

रागावलेल्या बायकांपैकी कोणी चष्म्याला हात लावीना. अखेर छप्पन्न वर्षांच्या द्वारकाबाई घुगे पुढे झाल्या. चष्मा लावून त्यांनी ते निळे हात बारकाईने न्याहाळले.

"काय अद्भुत आहे हो साहेब! हे हात कधी थकतील का?"

"छे! कारखान्यातले सर्वांत कुशल हात आहेत ते, बाई. त्यांना निवृत्ती नाही."

द्वारकाबाईंनी चष्मा साहेबांच्या हाती दिला, त्यांना तो लावायला सांगितले आणि हातमोजा काढून आपला हात निळ्या हाताशेजारी धरला. दोन्ही करंगळ्या सारख्याच वाकड्या होत्या. गेल्या वर्षी चष्मा बनवणाऱ्या तज्ज्ञांनी जुळणीचे चित्रण केले होते, ते द्वारकाबाईंच्याच हातांचे.

"या हातांना निवृत्ती नाही, तेवढं लेखी द्या की, साहेब."

चौबळसाहेबांनी एकदा निळ्या, एकदा सावळ्या हाताकडे पाहिले. फर्मान तिथेच मागे घेतले गेले. आणि चष्म्याकडे पाठ फिरवलेल्या बायका त्यातले द्वारकाबाईंचे हात पाहण्यासाठी रांगेत उभ्या राहिल्या.