साऱ्या गावाचा हात गळ्यात

झोपाळ्यावरून पडून भुजंगराजाचा डावा हात मोडला आणि शिक्षा झाली साऱ्या गावाला! राजाने हुकूमच काढला, "आमचा हात बरा होईपर्यंत प्रत्येकाने डावा हात गळ्यात बांधावा. जे आम्हाला जमत नाही, ते कुणीच करायचं नाही."

झालं! धोब्याला धुणं पिळता येईना, बायकांना धान्य पाखडता येईना. एका हाताने नेसलेलं प्रधानजींचं धोतर तर सदा सुटायच्या बेतात.

गोदाचा बाप राजवाड्यात पाणक्या होता. एका हाताने विहिरीचं पाणी शेंदणार कसं? बिचाऱ्याने दुसरा हात सोडवला, घागर वर काढली आणि तिथेच पकडला गेला. राजाने त्याला राज्याबाहेर घालवायचं फर्मावलं. गोदाला आई नव्हती. बापही गेला तर आपलं कोण? ती तडक दरबारात गेली.

"महाराज, बाबांना सोडा. एका हाताने पाणी शेंदता येत नाही."

"मनात आणलं तर एका हाताने सगळं होतं!"

"टाळीसुद्धा?"

दरबारात खसखस पिकली. राजा भडकला. "टाळीसुद्धा! तूच वाजवून दाखव. वाजली तर बाप सुटला, हुकूमही मागे. नाही वाजली तर बापाबरोबर तूही चालू लाग."

गोदाने इकडेतिकडे पाहिलं. तेवढ्यात तिची नजर प्रधानजींवर गेली.

"वाजवते, महाराज. पण प्रधानजींची अर्धी मिशी कुठं गेली?"

"न्हाव्याने उडवली," प्रधानजी पुटपुटले. "नाक धरायला त्याला दुसरा हात नव्हता, आणि मला आली शिंक."

"मग नाक आपणच धरायचं ना!" गोदा म्हणाली.

"त्या हाताने धोतर धरलं होतं."

राजा खो खो हसत सुटला. गोदाने झटकन पुढे होऊन उजवा तळवा धरला. "द्या टाळी, महाराज!"

हसण्याच्या भरात राजाने सवयीने दिली. अशी खणखणीत वाजली की साऱ्या दरबाराने ऐकली.

"वाजली, महाराज. मी एकच हात लावला."

"आणि दुसरा?"

"तो आपला. पण आपणही एकच लावलात."

राजा आपल्या तळव्याकडे बघत राहिला आणि पुन्हा हसू लागला. "सोडा हिच्या बापाला! सगळ्यांचे हात सोडा! आणि हिला मूठभर मोहरा द्या."

गोदाने गळ्यातला हात सोडवला आणि ओंजळ पुढे केली. "मूठ कशी, महाराज? हुकूम तर मागे घेतलात."

"भरा, भरा हिची ओंजळ!" राजा पोट धरून म्हणाला.

प्रधानजींनी आधी दोन्ही हातांनी धोतर घट्ट खोचलं, मग खजिन्याकडे धाव घेतली.