हौसाचा झोका

उंबरगडच्या माहुतानं भांग पिऊन राजाचा हत्ती थेट मुदपाकखान्यात घातला, आणि शिक्षा झाली सगळ्या गावाला! हत्तीनं परातभर जिलब्या फस्त केल्या, आचारी घाबरून माळ्यावर चढले, आणि धैर्यसेन महाराज कडाडले, "यापुढं माझ्या राज्यात नशा करून कुणी कामाला हात लावायचा नाही! प्रत्येक कारखान्याच्या दारात एक पहारेकरी आणि एक वैद्य ठेवा. वैद्यानं रोज सकाळी प्रत्येकाचं तोंड हुंगायचं. वैद्य नसेल त्या दाराला कुलूप!"

हौसा दोरवालीच्या तोंडचं पाणीच पळालं. तिचा कारखाना म्हणजे चिंचेखालचा मांडव आणि दोर वळणारी चार माणसं. वैद्याला ती काय देणार, अंबाडीच्या काड्या? ती पदर खोचून तडक दरबारात गेली.

"महाराज, माणसं चार आणि त्यांची तोंडं हुंगायला दोन? माझी माणसं शुद्धीत असतात, माझा शब्द घ्या!"

महाराजांशेजारी राजवाड्याच्या मोठ्या दोरखान्याचे कारखानीस रंगराव उभे होते. ते फिसकन हसले. "शुद्धीत? तो अफूवाला कोंडिबा हिच्याकडेच आहे, महाराज! आमच्याकडे बघा. पहारेकरी आहे, वैद्य आहे, हुंगल्याशिवाय कुणी आत जात नाही."

"अफू खात होता, आता सोडलीय त्यानं," हौसा म्हणाली.

"मग सिद्ध कर!" महाराज म्हणाले. "उद्याच्या उद्या. कुणाचं तोंड हुंगायचं नाही, डोळे तपासायचे नाहीत, प्रश्न विचारायचा नाही. जमलं नाही तर मांडवाला कुलूप आणि कोंडिबा गावाबाहेर!"

कोंडिबाची बायको आत्ता कुठं माहेराहून परत आली होती. पुन्हा काम गेलं तर तो माणूस हातचा गेलाच म्हणायचा! पण हौसा मोठी खमकी. ती म्हणाली, "सिद्ध करते. फक्त उद्या नागपंचमी आहे, राजकन्येला झोका लागेल. एक दोर माझ्या मांडवात वळू द्या, एक तुमच्या दोरखान्यात. दोन्ही झोके डोहावरच्या वडाला बांधू."

"बास? एवढंच?" महाराजांना मौज वाटली. "मंजूर!"

दुसऱ्या दिवशी डोहाकाठी सगळा गाव लोटला. वडाच्या फांदीला दोन झोके लटकत होते आणि खाली काळंभोर पाणी. राजकन्या टाळ्या पिटत पुढं धावली, तशी हौसा आडवी आली.

"थांबा, बाईसाहेब! आमच्या मांडवात एक रीत आहे. ज्यानं दोर वळला, तो त्यावर आधी बसतो. कोंडिबा, चल रे!"

"आलो, मावशी!" कोंडिबानं धोतर सावरलं, टुणकन उडी मारली आणि असा झोका घेतला की त्याचे पाय वडाच्या शेंड्याला लागायला आले. वर तोंड करून तो गाऊही लागला. गळा भसाडा होता, पण दोर कुरकुरलासुद्धा नाही!

"वा!" महाराज म्हणाले. "आता आमची माणसं बसू देत!"

दोरखान्याची माणसं एकमेकांकडे बघू लागली.

"तू बस."

"मी कशाला? शेवटचा पीळ तुझा होता."

"माझा? मला तर काही आठवतच नाही!"

महाराजांच्या भुवया वर गेल्या. "रंगराव, तुम्ही बसा."

"मला... मला चक्कर येते, महाराज."

"वैद्यबुवा?"

"आज उपास आहे, महाराज."

"उपासाला झोका चालत नाही, हे कुठल्या शास्त्रात लिहिलंय?" महाराज तरातरा पुढं गेले आणि त्यांनी स्वतःच दोराला हिसका दिला. पीळ उलगडला, गाठ सुटली आणि अख्खा दोर महाराजांच्या गळ्यात येऊन पडला!

दोरखान्याचा बिचारा पहारेकरी धावत येऊन पाया पडला. "माफी, महाराज! तोंडं हुंगतात ती सकाळी. भांग निघते ती दुपारी!"

"मग दुपारी वैद्य काय करतात?"

"तेच तर घोटतात, महाराज!"

डोहाकाठी हशाचा नुसता कल्लोळ उठला. वैद्यबुवा वडामागं लपायला गेले, तर तिथं आधीच रंगराव! महाराजांचे ओठ थरथरले, पण ते हट्टाचे पक्के. हसू दाबून त्यांनी विचारलं, "हौसा, आज जिंकलीस. पण उद्या कोंडिबानं पुन्हा अफू खाल्ली तर? वैद्य नाही, पहारा नाही. तुला कळणार कसं?"

"तोच येऊन सांगतो, महाराज! मधे एकदा घसरला होता. सकाळी आला आणि म्हणाला, मावशी, आज माझा हात धड नाही. मी त्याला पोटभर जेवू घातलं, अंबाडी विंचरायला बसवलं, दोराला मात्र हात लावू दिला नाही. दुसऱ्या दिवशी गडी पुन्हा कामाला हजर!"

"आणि माझ्या दोरखान्यात कुणी असं सांगत का नाही?"

"सांगून काय मिळतं, महाराज? तुमच्याकडे खरं बोलला की गावाबाहेर, आणि तोंडात लवंग धरून आला की थेट आत!"

मग महाराज जे हसत सुटले, ते हसतच सुटले! गळ्यातला दोर काढायचंही त्यांना भान राहिलं नाही. डोळे पुसत त्यांनी तिथल्या तिथं हुकूम मागं घेतला, हातातलं सोन्याचं कडं हौसाच्या हाती दिलं आणि राजवाड्याचा दोरखाना तिच्याच हवाली केला.

"आणि महाराज, कोंडिबा?"

"कोंडिबा? त्याला इकडं पाठव!" महाराज हौसाच्या झोक्यावर ऐटीत जाऊन बसले. "काय रे, बघतोस काय? दे जोरात!"

कोंडिबानं असा काही झोका दिला की महाराजांच्या डोक्यावरचा मंदिल उडून डोहात पडला आणि अख्खा दरबार धसकला.

वरून मात्र महाराजांची आरोळी आली, "अरे, आणखी जोरात!"