आवडाईचे सहा नऊ

फार फार वर्षांपूर्वी वाघजाईच्या खोऱ्यात सहा वाड्या गुण्यागोविंदाने नांदत होत्या. नांदत होत्या म्हणायचं आपलं. जत्रा आली की एकमेकींच्या उरावर बसायच्या. देवीच्या रथाच्या दोराला पहिला हात कुणी घालायचा, यावरून दरसाल डोकी फुटायची.

खडकवाडीत आवडाई नावाची सून होती. तिचे वडील पिंपळवाडीचे पंतोजी. त्यांना एका आकड्याचं भारी वेड: एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न! लेकीला त्यांनी अंगाईऐवजी तोच ऐकवला, आणि सासरी ती तो जात्यावर गुणगुणायची. सासू म्हणायची, "अगं, देवाचं नाव घे की!"

एका जत्रेला मात्र काठ्यांऐवजी कुऱ्हाडी निघाल्या. एकीकडे आवडाईचा नवरा मल्हारी, समोर तिचा पाठचा भाऊ रायाजी. कुणीही पडला तरी आपलंच घर बुडणार, हे तिला लख्ख दिसलं. पिठाची पाटी कमरेवर घेऊन ती बेधडक मधे घुसली.

रथाभोवती सहा वाड्यांचे सहा दगड गोलाकार मांडलेले होते. प्रदक्षिणा घालत तिने एकेका दगडावर पिठाने आकडा काढला. एक, चार, दोन, आठ, पाच, सात. वारा सोसाट्याचा होता, पण पिठाचा कण हलला नाही, असं म्हणतात.

"आमचा आठ! आमीच थोरले!" रायाजी गरजला.

"थांब की रे जरा! आधी दुप्पट करून बघू."

तिने जमिनीवर पिठातच गुणाकार मांडला. दोन लाख पंच्याऐंशी हजार सातशे चौदा. मग तिप्पट केली. चार लाख अठ्ठावीस हजार पाचशे एकाहत्तर. लोक दगडांकडे बघतच राहिले. आकडे तेच, फेराही तोच. फक्त सुरुवात दरवेळी वेगळ्या वाडीपासून. सहापट होईपर्यंत प्रत्येक वाडी एकेकदा पहिली आली.

"आता सातपट," आवडाई म्हणाली. "ती तुमी दोघांनी करायची."

बोटांवर मोजायचं तर हात मोकळे हवेत. मल्हारीने कुऱ्हाड खाली ठेवली. मग रायाजीनेही ठेवली. सात सत्ते एकोणपन्नास, नऊ मांडले, हातचे चार. पुढे पुन्हा नऊ. पुन्हा नऊ! शेवटचा नऊ पडला तेव्हा सारं खोरं नाचायला लागलं. सहाही वाड्या सारख्या! आवडाई तिथेच बसून आनंदाने ओक्साबोक्शी रडली.

त्या वर्षी दोराला हात लागण्याआधीच रथ आपणहून चालू लागला, असं म्हणतात. रथाचं खरंखोटं वाघजाई जाणे. आकड्याचं मात्र घरी जाऊन गुणून बघा.

आजही त्या खोऱ्यात दगडांवर पिठाचे आकडे काढतात. पहिल्या साली एकपट, दुसऱ्या साली दुप्पट, आणि ज्या वाडीपासून आकडा सुरू होतो तिचा पहिला हात. सातव्या साली मात्र मेहुणे-मेहुणे शेजारी उभे राहतात, सहाही वाड्या एकदम दोर धरतात, आणि एकच आरोळी उठते, "आवडाईचे नऊ!"

मग रथ असा निघतो की आवरता आवरत नाही.